जमिनीवरचा पायलट

आमच्या राजुरीच्या गेनभाऊंनी नोकरीची सगळी वर्षं विमान चालवलं आणि एकदाही उडवलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतोय. थट्टा मी करतोच, पण हे खरं आहे. लांबच्या एका शहरात विमान उडवायला शिकवणारा क्लब होता, तिथे ते मेकॅनिक होते. शिकाऊ पायलट दिवसभर उडायचे. अंधार पडला की ती चिमुकली विमानं जमिनीवरूनच चालवत पेट्रोल भरायला न्यायची आणि परत आणून शेडमध्ये उभी करायची, हे गेनभाऊंचं काम. म्हणजे बैलाला पाणी दाखवून गोठ्यात बांधायचं. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ रिटायर होऊन गावात आला आणि स्वतःला पायलट म्हणवून घेऊ लागला.

"पण तुम्ही उडवलं कुठं?" मी एकदा तोंडावर विचारलं.

"उडवाया काय लागतं, शेठ? वर धडकायला हाये काय? ढग! जमिनीवर चालवून दाखवा. त्ये बी रातच्याला. दोन्हीकडं पंख, म्होरं पंखा गरागरा, अन् वळवायचं पायानं. लई अवघड काम."

मला ते शेठ म्हणतात, कारण आमचं आळेफाट्याला कापडाचं दुकान आहे. आम्ही जैन, आजोबा राजस्थानातून आले, पण बोलणं-भांडणं सगळं मराठीतच. गेनभाऊंशी तर मी खास मराठीत भांडलो आहे.

त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिचं विमान केलं. डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. "समोरच्याला कळाया नको, आपण येतोय का जातोय?" हा खुलासा. फाट्यावर एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून, बर्फाचा गोळा केवढ्याला, असं विचारलं होतं. जीपचा वेग चालत्या माणसाएवढा. "माणूस चालंल तेवढंच चालवायचं," हे वाक्य ते मंत्रासारखं म्हणत. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी जीप उभी. आधी डावीकडे बघणार, मग उजवीकडे, मग वर आकाशाकडे! वर काय बघता विचारलं तर म्हणत, "सवय, राव."

हायवेवर ट्रकचे दिवे डोळ्यांत जातात म्हणून संध्याकाळनंतर ते कालव्याच्या कच्च्या रस्त्यानेच जायचे. या रस्त्याने आमच्या घराचा घात केला.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंचरहून पाहुणे आले होते. स्थळ उत्तम. मुलगी पसंत पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. निघता निघता त्यांची एसटी चुकली आणि गेनभाऊ कुठूनसे उगवले. "पावण्यांना मी सोडतो की फाट्यावर. बसा, पावणं!" मी नको नको म्हणत असताना मुलाचे वडील चढूनसुद्धा बसले. नाइलाजाने मीही मागे बसलो.

दिवस मावळला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. कालव्याच्या रस्त्याला दोन वाटा फुटतात तिथे गेनभाऊंनी जीप थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"उसानं समदं झाकलंय, आपण कुठं हाये त्ये कळंना. कळंना तिथं थांबायचं. ठरल्याबिगर चाक हलायचं न्हाई."

"अहो, उजवीकडे वळा!" मी ओरडलो.

"तुमी सांगितलं म्हणून वळू? उद्या पंख कुणाचा मोडंल?"

तेवढ्यात उसात काहीतरी सळसळलं. त्या वर्षी आमच्या भागात बिबट्याने कुत्री उचलण्याचा सपाटा लावला होता. मुलाची आई माझ्या आईने दिलेला नारळ छातीशी धरून नवकार मंत्र म्हणू लागली. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारी ती माणसं, घशाला कोरड पडून उघड्या जीपमध्ये बसलेली. आणि आमचे पायलट हाताची घडी घालून, शांत. शेवटी मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाने उजवीकडेच बोट दाखवलं, तेव्हा कुठे विमान हललं.

मंचरहून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण योग दिसत नाही. बहिणीचं पुढे दुसरीकडे छान झालं, पण मी गेनभाऊंशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्यांची बायको हौसाकाकू गेली, तेव्हा मी चार लोकांबरोबर जाऊन बसलो आणि न बोलता उठून आलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दुकान बंद करून निघालो, तर स्कूटर चालू होईना. समोर लाल-हिरव्या दिव्यांची जीप उभी.

"बसा, शेठ."

मी बसलो. चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो, हे मी त्यांना ऐकवलंही. ते हसले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "मी रोज येतो फाट्यावर. कुणी बसत न्हाई. घरी जाऊन तरी काय करायचं? हौसा व्हती तवा बरं व्हतं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काकूंना कधी दाखवलंत का विमान?"

जीप आणखी हळू झाली.

"एकदा बसवली व्हती. नियमात बसत न्हवतं. पर तिनं लई दिस हट्ट धरलेला. अंधार पडल्यावर शेजारी बसवली, पट्टा बांधला. इंजिन चालू झालं तसं तिनं डोळे गच्च मिटले अन् माझं मनगट धरलं. मी आपला पंपाकडं निघालो. रस्त्याच्या कडंनं निळे दिवे असत्यात आमच्यात. मधीच तिनं डोळे किलकिले केले. म्हणाली, 'अगं बया! किती खाली ऱ्हायले दिवे!'"

"मग?"

"मग काय? परत मिटले. शेडपाशी आल्यावर म्हणाली, 'उतरलो का वं आपण?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"उतरलो म्हणलं." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "गावात सगळ्या बायांना सांगितलं तिनं. तुमच्या आईला बी. मी काय बोलणार, राव?"

घराशी उतरलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. जीप वळेपर्यंत ती बघत राहिली.

"बिचारा एकटा पडला," ती म्हणाली. "हौसा तेवढी नशिबाची. विमानात बसलेली आपल्या आळीतली ती एकटीच. खाली निळे निळे दिवे दिसतात म्हणायची. खरंच दिसतात का रे?"

"दिसतात," मी म्हटलं. "खूप उंच गेलं की दिसतात."