हात वर केलेले बुटके

"मुलं बसतात म्हणजे जागा वापरात आहे असं होत नाही. मुलं जिन्यातही बसतात," असं म्हणून आप्पासाहेबांनी खालच्या फळ्यावर खडूने लिहिलं : 'मागील कोपऱ्यात दुचाकींचे पार्किंग. दोन आठवड्यांनी रविवारच्या सभेत निर्णय.'

सदाशिव पेठेतल्या 'सुमेरू' इमारतीच्या मागे तो कोपरा होता. एक पेरूचं झाड, थोड्या कुंड्या आणि बसायला एक लांबट दगड. बालवाडीतून निवृत्त झालेल्या प्रेमलाताई रोज संध्याकाळी इमारतीतली मुलं तिथे जमवत. कधी मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते बघायचं, कधी पेरूच्या पानांनी पाढे करायचे. ताईंचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यातली एक खोली पुस्तकांनी बळकावली होती. कोपरा गेला की हे सगळं संपणार होतं. आप्पासाहेब इमारतीचे अध्यक्ष होते आणि पार्किंग त्यांच्या फार मनात होतं.

"वापर दिसायला हवा म्हणतात ना," प्रेमलाताई मुलांना म्हणाल्या, "मग दाखवू."

त्यांची मुलगी उल्का परदेशात असते. तिने शेजाऱ्यांच्या बागेचा फोटो पाठवला होता. उंच टोकदार लाल टोपी, पांढरी दाढी आणि गोल पोट असलेले मातीचे बुटके म्हातारे फुलझाडांत बसलेले, आणि त्यांच्यामागे वीतभर उंचीची घरं. ताईंनी ठरवलं, अशी वस्ती आपल्या कोपऱ्यात करायची. उभी वस्ती उठवायला आप्पासाहेबांनाही जड जाईल.

घरं मुलांनी केली. तोंड फुटलेली मडकी उपडी घातली, फुटक्या भागाचं दार झालं. आइस्क्रीमच्या काड्यांच्या खिडक्या, फरशीच्या तुकड्यांचं अंगण, नारळाच्या करवंटीचं छप्पर. तिसऱ्या मजल्यावरच्या सिताराने दारासमोर काड्या लावून चौकोन आखला.

"हे काय गं?"

"पार्किंग."

"काढून टाक आधी," प्रेमलाताई म्हणाल्या.

बुटके करण्याचं काम खडकीच्या श्रीधरकडे गेलं. श्रीधर गणपतीचा मूर्तिकार. जानेवारीत त्याला दुसरं काम नव्हतं. ताईंनी त्याला मोबाइलवर फोटो दाखवला, त्याने तो मोठा करून, छोटा करून, आडवा करून पाहिला आणि "समजलं" म्हणाला. चार दिवसांनी तो पाच बुटके टेम्पोतून घेऊन आला. टोपी होती, दाढी होती, पोट तर फारच छान होतं. पण पाचही जण मांडी घालून बसले होते आणि पाचांचाही उजवा हात आशीर्वादासाठी वर होता.

"श्रीधर, फोटोत हात असा नाहीये रे."

"ताई, माझा हात तिथं गेला की तसाच वळतो. लहानपणापासून हेच करतोय. आणि दुसरा कसा करणार? खिशात घालू म्हणता? मूर्तीला खिसा कुठाय?"

प्रेमलाताईंनी विचार केला, हात वर आहे तर आहे. शाळेत मुलंही उत्तर येत असलं की हात वर करतात. बुटके घरांपुढे बसले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळं ठीक झालं असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या बुटक्याच्या कपाळाला कुंकू होतं.

"सोजरबाई, हे तुम्ही केलंत?"

सोजरबाई इमारतीतल्या चार घरी धुणीभांडी करायच्या. मूळच्या लोणी काळभोरच्या. त्यांनी पदर सारखा केला. "व्हय. हात वर हाय त्येचा. ज्याचा हात वर, त्येला नमस्कार. आपलं काय जातंय?"

"अहो, तो देव नाहीये. बुटका आहे."

"देव उंचच असतो असं कुठं लिवलंय का?"

ताईंनी वाद घातला असता तरी उपयोग झाला नसता, कारण त्याच दुपारी सोजरबाईंच्या मुलाला, संपतला, कुरिअर कंपनीतून नोकरीचा फोन आला. संध्याकाळी सोजरबाईंनी बुटक्यापुढे पेढे ठेवले आणि उरलेले सगळ्या मजल्यांवर वाटले. पेढ्यांबरोबर बातमीही वाटली गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या बायका आल्या. समोरच्या क्लासमधली दोन मुलं परीक्षेला जाता जाता पेरूच्या झाडाला प्रदक्षिणा घालून गेली. शुक्रवारी कोणीतरी लांबट दगडावर नारळ फोडला आणि एका मडक्याच्या छपराला तडा गेला.

आप्पासाहेब खाली आले ते सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काखेत घेऊनच.

"प्रेमलाताई, सामाईक जागेत धार्मिक बांधकाम चालत नाही. नियम आहे."

"बांधकाम कसलं? मडकी आहेत ती."

"मडक्यांपुढे पाच जण बसतात, त्यांना नारळ फुटतो, लोक रांग लावतात. याला आपण काय म्हणता? मी उद्या संध्याकाळी पाहायला येतो. हे देव दिसले, तर रविवारी सगळंच उचललं जाईल. झाडासकट."

ते गेल्यावर मुलं रडवेली झाली. प्रेमलाताईंनी त्यांना दगडावर बसवलं. "रडून काय होणार? विचार करू. लोक यांना देव का समजतात? एकेक कारण सांगा, आणि ते दुरुस्त करू."

"हात वर आहे म्हणून," सितारा म्हणाली.

"बरोबर. हात तर मोडता येत नाही. मग?"

"हातात काहीतरी देऊ. देव जी वस्तू धरत नाहीत ती." मुलांनी कागदाची गुंडाळी करून, वर्तमानपत्रासारख्या ओळी काढून प्रत्येकाच्या हातात बसवली.

"आणि लाल रंग शेंदरासारखा दिसतो," दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. घरात तपकिरी रंगाचा डबा उरलेला होता, त्याने टोप्या रंगवल्या. ओल्या रंगात टोकं जड झाली म्हणून एकाने ती कापली, आणि दोन्ही बाजूंनी रंग कानांवर ओघळला तो तसाच राहू दिला.

"दाढी ऋषींना असते," अजून एक सूचना आली. श्रीधरची माती कच्चीच होती, पाणी लावून चमच्याने दाढ्या खरवडल्या. पण वरच्या ओठापाशी सगळ्यांचा हात घाबरला, आणि मिशा राहिल्या.

"देवाला चष्मा नसतो!" हे सगळ्यांना एकदम सुचलं. तांब्याच्या तारेचे पाच चष्मे झाले.

शनिवारी संध्याकाळी काम संपलं, तेव्हा मुलं दोन पावलं मागे सरून पाहू लागली. माकडटोपी, मिशा, चष्मा, गोल पोट आणि हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र.

"ताई," सितारा हळूच म्हणाली, "हे तर आप्पाआजोबा आहेत."

"पाचही," ताई म्हणाल्या आणि दगडावर बसल्या.

आता दाढी पुन्हा चिकटवायला वेळ नव्हता. जिन्यात चपलांचा आवाज आला. ताई उभ्या राहिल्या आणि पदर पसरून होतील तेवढे बुटके झाकू लागल्या. तीन झाकले गेले. आप्पासाहेब त्यांच्या माकडटोपीत, काखेत वर्तमानपत्र घेऊन आले. उरलेल्या दोघांपुढे वाकले. चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"ही व्यक्ती कोण?"

"कुणी नाही. बुटका आहे."

"देव नाही, हे दिसतंय." ते आणखी खाली वाकले. "याने पेपर उजव्या हातात धरलाय. मी डाव्या हातात धरतो. उजव्यात चहाचा कप असतो."

"हो, आप्पासाहेब."

"पदर बाजूला घ्या. तिकडेही मीच आहे का?"

"साचा एकच होता," ताई म्हणाल्या.

आप्पासाहेब दगडावर बसले. "निवृत्त झालो, तेव्हा ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मूर्ती वगैरे कुणी केली नाही."

"मूर्ती माणूस गेल्यावर करतात हो."

"मग आपल्याला एवढी घाई का झाली?"

प्रेमलाताईंना हसू आलं, आणि ते दाबता दाबता फुटलंच. मुलं हसली. आप्पासाहेब हसले नाहीत. ते एका बुटक्याच्या दारातून आत डोकावून पाहत होते. "घर पूर्वेकडे तोंड करून आहे. चांगलंय. पण नाक जरा जास्त झालंय माझं," एवढं बोलून ते वर गेले. झोपेपर्यंत प्रेमलाताईंना कळेना की हे बरं झालं की वाईट.

रविवारी सभेला झाडून सगळे आले. स्कूटरवाले पुढच्या खुर्च्या धरून बसले होते. आप्पासाहेबांनी फळ्यावरची ओळ रुमालाने पुसली.

"विषय मागे घेतला आहे."

"का बरं?" पहिल्या खुर्चीतून आवाज आला.

"मागचा कोपरा वापरात आहे."

"कोण वापरतं?"

"मी," आप्पासाहेब म्हणाले. "पाच ठिकाणी."

स्कूटरवाल्यांनी मागे जाऊन खात्री करून घेतली. परत आले, तेव्हा पार्किंगचं नाव कुणी काढलं नाही. तक्रार वेगळीच होती. पाचही घरं अध्यक्षांनाच का, इतर मजल्यांनी काय घोडं मारलंय? बराच गोंधळ झाल्यावर ठरलं, एक बुटका आप्पासाहेबांचा राहील, बाकीचे बदलून घ्यायचे आणि मुलं म्हणतील तशी नवी वस्ती वाढवायची. ही माणसं कुणासारखी दिसतील, तेही मुलंच ठरवतील.

पुढच्या आठवड्यात प्रेमलाताईंनी मुलांना माती मळायला शिकवली. आप्पासाहेब स्टूल घेऊन, स्वतःहून, पेरूखाली येऊन बसले. डाव्या हातात पेपर, उजव्यात कप. सितारा ओल्या मातीचं नाक घेऊन त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत होती.

"मुलांनो, प्रमाणाकडे लक्ष द्या. नाकाच्या बाबतीत मी मागेच..."

"आजोबा, बोललात की मिशी हलते," सितारा म्हणाली. "गप्प बसा बरं थोडा वेळ."

आप्पासाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि कपातला चहा निवून जाईपर्यंत शहाण्या मुलासारखे बसून राहिले.