जस्ताची विभूती

सोमवारी सकाळी रुद्राणीच्या केसांना तेल लावता लावता ईश्वरीची नजर सहज देवघराकडे गेली आणि तिचा हात लेकीच्या डोक्यावर तसाच थांबला. वरच्या फळीवरची डबी जागेवर नव्हती.

डबी दिसायला साधीच, पांढऱ्या झाकणाची. पण तिच्यात ईश्वरीची कित्येक वर्षांची झोप भरलेली होती. आत जस्ताचं ऑक्साइड होतं, आणि तेही बाजारात मिळतं तसलं नव्हे. बेलाच्या पानांचा काढा करायचा, त्यात जस्ताचा क्षार विरघळवायचा, आटवायचा, भट्टीत भाजायचा. मग तळाला इतकी बारीक पांढरी पूड उरते की बोटाला लागलेली कळतसुद्धा नाही. रंग मिसळलेल्या पाण्यात ही चिमूटभर टाकून पेला उन्हात ठेवला, की ऊन आणि पूड मिळून रंगाचा फडशा पाडतात आणि पाणी नितळ होतं. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी असं साफ करता येईल का, यावर जगभर काम चाललं होतं. वैजनाथाच्या परळीत बसून, घरच्या बेलाच्या पाल्यावर ते करणारी आपण एकटीच असू, असं ईश्वरीचं आपलं मत होतं.

आज दुपारी त्या पुडीची परीक्षा होती. प्रबंध जमा करण्याआधी बाहेरगावचे डॉ. अमरनाथ येऊन काम बघणार होते. या गृहस्थांची एक ख्याती होती. संगणकावरचे आलेख ते बघतच नसत. "पडद्यावर मी चंद्रसुद्धा दाखवीन," म्हणत. "पूड आणा, पाणी आणा, ऊन आणा." त्यांचं समाधान झालं तर प्रबंध याच महिन्यात जमा. नाही तर गाडी पुढच्या वर्षावर, आणि कॉलेजात निघणारी प्राध्यापकाची जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात.

एवढी मोलाची वस्तू घरात आली कशी, तर पाहुणे येणार म्हणून कॉलेजनं प्रयोगशाळेला चुना मारायला काढला होता. "ज्यानं त्यानं आपलं सामान घरी न्यावं," असा हुकूम सुटला. चुन्याच्या शिंतोड्यांतून वाचवलेली डबी ईश्वरीनं घरी आणली, पण घरात रुद्राणी होती. वय वर्षं तीन, आणि हाती लागेल ते एक तर तोंडात, नाही तर नळाखाली. तिचा हात पोचत नाही आणि कुणाचा उगाच जात नाही अशी घरात एकच जागा होती: देवघराची वरची फळी.

"आई, दुसऱ्या बाजूला तेल," रुद्राणीनं आठवण केली.

तेवढ्यात पुढच्या दुकानातून मन्मथआप्पा चहाला आत आले. ईश्वरीनं सासऱ्यांच्या कपाळाकडे पाहिलं. रोजचे तीन पट्टे असत मळकट, राखी रंगाचे. आजचे तीन पट्टे चांदीचा मुलामा दिल्यासारखे झळकत होते.

"आप्पा, कपाळाला काय लावलंय?"

"इभूत." आप्पा खुशीत होते. "लई गार हाय बघ. दुकानातला पंखा बंद केलो मी. तराजूलाबी लावलो, शटरलाबी लावलो. गिऱ्हाईक इचारतंय, आप्पा, आज कपाळ कावून चमकायलंय?"

"आप्पा, ती विभूती नाहीये! माझ्या कॉलेजची पावडर आहे ती!"

आप्पांनी कपाळाला हात लावला, बोट बघितलं आणि कौतुकानं मान हलवली. "अख्खी परळी रोज थर्मलची राख झाडून झाडून दमली, अन् आमची सून राख करून घरी आणायली. चांगलंय."

"आत्याबाई कुठायत?"

"देवळात गेली न्हवं का, डबी घिऊन. म्हणली, एवढी लोण्यासारखी इभूत घरात ठिवून काय करायची, चार बायांच्या कपाळाला लागू दे."

पुढच्या क्षणी तिच्या नवऱ्याची, मृत्युंजयची, स्कूटर अंगणातून बाहेर पडली. पुढं अर्ध्या डोक्याला तेल लावलेली रुद्राणी, मागं पूड गोळा करायला हातात बटर पेपर घेतलेली ईश्वरी.

"मी कालच म्हणलो हुतो, फ्रिजमदी ठेव," मृत्युंजय म्हणाला.

"फ्रिजमधी तुमची लेक कुल्फी शोधत असती दिवसभर."

"कपाटात ठेवायची."

"कपाटाची किल्ली तिनंच कुठं टाकलीय. तुम्ही समोर बघा, म्हैस हाय."

देवळाच्या पायऱ्यांवर सासूबाई नीलम्मा मधोमध बसल्या होत्या आणि भोवती भजनी मंडळाच्या बाया. सगळ्यांची कपाळं अशी उजळली होती की लांबून बघणाऱ्याला वाटावं, पायऱ्यांवर कुणी ट्यूबलाइटी मांडून ठेवल्यात. नीलम्मांनी डबी उपडी केली होती आणि तिच्या बुडावर बोटांनी टकटक करून शेवटचा कण काढणं चाललं होतं. शेजारी बसलेल्या छबुबाईंनी तो कण तळहातावर घेतला आणि प्रसाद म्हणून तोंडाकडे नेला.

"तोंडात टाकू नका!"

ईश्वरीचा आवाज असा निघाला की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. छबुबाईंचा हात तोंडापाशी थिजला.

"का ग बाई?" नीलम्मांनी विचारलं. "काय झालं वरडायला?"

"आत्याबाई, ती विभूती नाही!"

"न्हाई कशी? बेल कुणी तोडला? मी. सगळा श्रावण पहाटं उठून तोडला. तू काय केलीस? भट्टीत जाळलीस. जाळल्यावर काय निघालं? पांढरी राख. आन् ठिवलीस कुठं? देवापशी." नीलम्मांनी चार बोटं मुडपली आणि पाचवं सुनेपुढं धरलं. "आता ह्याला इभूत न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं, सांग."

मंडळातल्या सगळ्या बायांनी ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरीनं मृत्युंजयकडे पाहिलं. मृत्युंजयनं कबुतरांकडे पाहिलं. एवढा बिनतोड मुद्दा तिच्या प्रबंधातसुद्धा नव्हता.

"जस्ताचं ऑक्साइड आहे ते," ती कशीबशी म्हणाली. "अंगाला लागलं तर काही होत नाही, पण मला ते आज दुपारी साहेबांना दाखवायचंय. ज्यांच्याकडं पुड्या आहेत त्यांनी परत द्या. बदल्यात मी दुकानातली चांगली विभूती देते, दुप्पट."

"दिलेला परसाद माघारी मागती का कुणी?" वत्सलाबाई बसल्या जागी आक्रसल्या. "मी तर गुडघ्याला चोळली माझी. दोन्ही."

"गुडघ्याला कशाला?"

"कपाळ दुखत नव्हतं म्हणून."

छबुबाईंनी आपली पुडी तर नातवाच्या मानेवर कधीच रिकामी केली होती. लेकरू घामोळ्यांनी रडत होतं, ते आता गपगार झोपलं होतं. त्याच्या मानेवरून पूड खरवडावी हा विचार ईश्वरीच्या मनात क्षणभर आला, पण झोपलेल्या लेकराला उठवणं ही काय चीज असते ते तिला घरच्या अनुभवानं माहीत होतं. तिनं तो सोडून दिला.

शेवटी वनमाला नावाच्या एका नव्या सुनेनं सासूची नजर चुकवून आपली पुडी पुढं केली. ईश्वरीनं ती उघडली. आत पूड होती, पण तिच्यात कुंकू होतं, चार अक्षता होत्या आणि झेंडूची एक पाकळी.

"आण इकडं," मृत्युंजय म्हणाला. "गहू पाखडताना कसं, हलकं हलकं उडवून टाकायचं." आणि ईश्वरी काही बोलायच्या आत त्यानं पुडीवर फुंकर मारली.

अक्षता जागेवर राहिल्या. कुंकू जागेवर राहिलं. पांढरा ढग तेवढा उठला आणि मृत्युंजयच्या मिशीवर बसला.

"बाबा म्हातारे झाले," रुद्राणीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. ईश्वरीचे मार्गदर्शक परमेश्वर सर बोलत होते. "मॅडम, पाहुण्यांचं दर्शन झालं सकाळीच. आता नाष्टा चाललाय. ऊन मस्त पडलंय, नमुना तयार ठेवा. साहेब एकदम खुशीत आहेत."

"हो सर," ईश्वरी म्हणाली. भट्टीची तार गेल्याच आठवड्यात जळाली होती. नवी पूड होणार तरी कशी?

नीलम्मांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. मघाची मुडपलेली बोटं आता पदराच्या टोकाशी चाळा करत होती. नात झाल्यापासून ईश्वरी प्रयोगशाळेत असायची तेव्हा रुद्राणी याच पदराला धरून हिंडली होती, याच पदराला तोंड पुसत होती.

"माझ्यामुळं तुझी परीक्षा बुडाली काय ग?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

ईश्वरीला रागवायचं होतं. सकाळपासून जमवलेला सगळा राग तिनं शोधला, पण तो सापडेना. "नाही बुडत," ती म्हणाली. "तुम्ही रुद्राणीच्या दुसऱ्या बाजूला तेल लावा तेवढं."

कॉलेजात पोचली तेव्हा तिच्याजवळ पुडीच्या तळाला कुंकवात उरलेली, गुलाबी रंगाची चिमूटभर पूड होती आणि मनाशी केलेला एक निश्चय. खोटं बोलायचं नाही. जे झालं ते सांगायचं, आणि सांगताना रडायचं नाही. तिनं निळ्या रंगाच्या पाण्याचे दोन पेले मांडले. एकात पूड घालायची, दुसऱ्यात काहीच नाही, म्हणजे फरक दिसतो.

ताज्या चुन्याच्या वासात दार उघडलं. आधी परमेश्वर सर आत आले आणि त्यांच्यामागं डॉ. अमरनाथ. उंच, किडकिडीत, जाड चष्म्याचे.

"हां, नमुना," ते बसण्याआधीच म्हणाले.

ईश्वरीनं कागद पुढं केला.

"हे गुलाबी का?"

"कुंकू आहे सर त्यात."

परमेश्वर सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. ईश्वरीनं सांगायला सुरुवात केली: चुना, देवघर, बेल, भट्टी, भजनी मंडळ, वत्सलाबाईंचे गुडघे. बोलताना ती खाली बघत होती. शेवटी तिनं फुंकरही सांगितली.

"म्हणजे शुद्ध नमुना कुठंच शिल्लक नाही?"

"नाही सर," असं म्हणायला ईश्वरीनं मान वर केली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. जाड चष्म्याच्या वर, रुंद कपाळावर, तीन लखलखीत पांढरे पट्टे होते. बोटांची ठेवण ओळखीची होती. मधला पट्टा जरा डावीकडं उतरता, नीलम्मांचं मधलं बोट वाकडं होतं तसा.

"आहे, सर."

"कुठं?"

"आपल्या कपाळावर."

परमेश्वर सर खुर्चीत बसले ते धपकन बसले. डॉक्टरांचा हात आपसूक कपाळाकडे निघाला.

"हात लावू नका!" ईश्वरी ओरडली, आणि मग आपण कुणावर ओरडलो ते लक्षात येऊन पांढरीफटक पडली.

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. "देवळाच्या पायरीवर एक बाई होत्या," ते सावकाश म्हणाले. "मी नको म्हणत होतो. म्हणाल्या, वाक जरा लेकरा, सुनेच्या हातची हाय."

"सासूबाई माझ्या."

"प्रयोगाला किती पूड लागते?"

"चिमूटभर पुरते सर."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले, चष्मा काढून हातात घेतला आणि डोकं खाली वाकवलं. "घ्या. आणि नोंद करा, मी सकाळपासून कपाळाला दुसरं काहीही लावलेलं नाही. चंदनसुद्धा नाही."

ईश्वरीनं हनुवटीखाली बटर पेपर धरला आणि चपटी चमची घेऊन आपल्या परीक्षकाचं कपाळ खरवडायला सुरुवात केली. आधी वरचा पट्टा. मग मधला, डावीकडं उतरता.

"पुरे," डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले. "तिसरा राहू द्या. दर्शनाचा आहे."

पेले गच्चीवर गेले. परळीचं ऊन, त्याला कुणाची भलावण लागत नाही. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. एक पेला निळाच राहिला. दुसरा आधी आकाशी झाला, मग नुसता निळसर, आणि मग त्यातून पलीकडची भिंत स्वच्छ दिसू लागली. डॉक्टरांनी पेला उचलून उन्हाकडे धरला, गोल फिरवला, खाली ठेवला.

"किती लोकांना लावली म्हणालात?"

"निम्म्या गल्लीला सर."

"कुणाला खाज, पुरळ?"

"नाही सर. उलट एका लेकराच्या घामोळ्या..."

"हे प्रबंधात लिहू नका," डॉक्टर घाईनं म्हणाले आणि सही करायला पेन काढलं.

सही होताना दाराशी कसलीशी हालचाल झाली. नीलम्मा उभ्या होत्या, कडेवर रुद्राणी, दोन्ही बाजूंनी तेल लावून चप्प वेणी घातलेली. साहेबांच्या पाया पडून, चूक माझी, पोरीची न्हाई, असं सांगायला त्या मघाच आल्या होत्या. पण आल्या तेव्हा आत साहेबांचं डोकं सुनेपुढं वाकलेलं होतं आणि सुनेचा हात साहेबांच्या कपाळावर. ते बघून पाया पडायचं त्या विसरूनच गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी संध्याकाळी घरी आली तर आप्पांच्या दुकानापुढं गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नव्हती. टोपल्या, पिशव्या, पदराचे ओचे, सगळीकडं बेलाची पानं. छबुबाई होत्या, वनमाला होती, वत्सलाबाई तर पायऱ्या चढून आल्या होत्या, कशालाही न धरता. मधोमध पाटावर नीलम्मा पाला निवडत होत्या.

"पिवळं पान चालणार न्हाई. किडकं तर न्हाईच न्हाई. आन् छबू, आधी हात धुवून ये, हे कॉलेजचं काम हाय."

"पर नीलम्मा," वत्सलाबाईंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "आता ही देवाची म्हणायची का सायन्सची?"

नीलम्मांनी हातातलं पान उजेडाकडं धरलं, उलटंपालटं करून बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"ते साहेबांनीच ठरवून टाकलंय," त्या म्हणाल्या. "दोन पट्टे सायन्सचे, एक देवाचा."