नऊशे हिरव्या खुणा

नव्या यंत्राने एका सकाळीत नऊशे चाचण्या स्वतःच लिहिल्या, स्वतःच घेतल्या आणि नऊशेच्या नऊशे पास केल्या. शंकाताईंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. शंकाताई हे नाव ऑफिसने ठेवलेलं. दवाखान्यात पेशंटना नंबर देणारा प्रोग्राम त्या सहा वर्षं तपासत होत्या. नवा बदल केला की जुनं काही बिघडलं नाही ना, हे बघायचं. तेच काम आता यंत्र करणार होतं.

"एकही नापास नाही, साहेब? माझा धाकटासुद्धा चित्रकलेत नापास होतो."

"संशयाला औषध नाही, ताई. शुक्रवारपर्यंत यंत्राची चूक दाखवा, नाहीतर दुसरीकडे काम बघा. उद्या हा बदललेला प्रोग्राम दवाखान्यात सुरू होतोय. पहिल्या दिवशी माझ्या आईलाच पाठवतो!"

शंकाताई एकेक चाचणी वाचत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनशे बाराव्या चाचणीवर त्या थबकल्या. साठीपुढच्या पेशंटना आधी नंबर द्यायचा, असा नवा नियम होता. प्रोग्रामरने तो घाईत उलटा घातला होता. आणि यंत्राने, प्रोग्राम करतो तेच बरोबर असं मानून, म्हातारी माणसं शेवटी गेली की पासची हिरवी खूण दिली होती.

प्रोग्रामरने ओशाळून एक ओळ सुधारली. त्याबरोबर चाळीस खुणा लाल झाल्या. साहेब धावत आले.

"चालती गाडी बिघडवलीत! होतं तसं करा!"

"साहेब, यंत्राने चुकीलाच पास केलंय."

"म्हणजे नऊशे चाचण्या खोट्या आणि तुम्ही एकट्या खऱ्या?"

प्रोग्रामरने चूक परत घातली. सगळं हिरवंगार झालं. साहेबांनी समाधानाने मान डोलावली, तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू येत होता.

"अरे, सकाळी नऊला आलेय मी! मागून आलेली पोरंसोरं तपासून घरी गेली. मी विचारलं की म्हणतात, आजी, तुमचा नंबर शेवटचा."

"आई, असं होणारच नाही. नऊशे चाचण्या पास झाल्यात."

"मग मी काय नापास झालेय?"

साहेबांनी फोन ठेवला. ते शंकाताईंकडे वळले.

"ताई, ती ओळ सुधारा आणि लगेच दवाखान्यात पाठवा. शुक्रवारचं विसरा. तुम्ही कुठेही जायचं नाही."

शंकाताईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"लेखी द्या. आणि सही तुमची हवी, यंत्राची नको."