पहिल्या ओळीपासून

ओळी मोजण्यात आपला हात धरील असा माणूस अख्ख्या अकोला जिल्ह्यात नाही, असं खुशालरावांना वाटायचं. स्वतःविषयी चांगलं वाटावं अशी त्यांच्यापाशी ही एकच गोष्ट होती, म्हणून ते ती कुणाला सांगत नसत.

बत्तीस वर्षं त्यांनी कोर्टात नकलनवीस म्हणून काढली होती. निकालपत्रं, खरेदीखतं, जबान्या यांच्या नकला करायच्या, आणि नक्कल झाली की मूळ कागदाच्या ओळी आणि नकलेच्या ओळी मोजून ताडून पाहायच्या. त्यांचे पहिले हेडक्लार्क फार कडक होते. मधूनच मोजायला लागणारा माणूस त्यांना चोरासारखा दिसे. काल मोजलं होतं असं कुणी म्हणालं, तर ते कालच्या साहेबाला जाऊन सांगा, म्हणत. खुशालरावांचा मुळातच स्वतःवर भरवसा कमी. त्यामुळे ही शिकवण त्यांच्या अंगात अशी मुरली, की घराला कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत जात आणि परत येत. नुसतं कुलूप ओढून पाहत नसत. ते काढून, दार उघडून, सगळं नव्यानं लावत.

त्रेसष्ट साली हे घर तसं रिकामंच होतं. पत्नी रुख्मिणीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी धामणगावला दिलेली. तिचं महिन्याला एक कार्ड यायचं, तेही निम्मं प्रकृती सांभाळा म्हणण्यात संपायचं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तो 'घ्या' एवढंच म्हणायचा. खुशालराव पुस्तकं वाचत आणि संध्याकाळी मोर्णा नदीच्या पुलावर जाऊन उभे राहत. पुलावर येणारे-जाणारे पुष्कळ असत, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून बोलायचं काय, हे त्यांना कधी सुचलं नाही.

अशात एक दिवस केशवराव दारात आले. केशवराव म्हणजे भूमापन कचेरीतले मोजणीदार. जमिनी मोजता मोजता त्यांनी 'हद्दीची खूण' नावाचं तीन अंकी नाटक लिहिलं होतं आणि अमरावतीच्या स्पर्धेतली ढाल यंदा मोर्णाकाठी आणल्याशिवाय मिशी कापणार नाही, असं चारचौघांत सांगून ठेवलं होतं. त्यांना प्रॉम्प्टर हवा होता. हस्ताक्षर वाचू शकणारा, घाई नसलेला आणि घरी कुणी वाट पाहत नसलेला माणूस हवा, असं ते म्हणाले. तिन्ही अटींत आपण इतके चपखल बसतो हे ऐकून खुशालरावांना जरा वाईट वाटलं, पण ते लगेच हो म्हणाले.

तालीम ताजनापेठेतल्या एका शाळेच्या वर्गात, संध्याकाळी सहा ते साडेआठ. खुशालरावांना कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली आणि मांडीवर नाटकाची वही. पुऱ्या नाटकाची वही एकच, अकराशे शहाऐंशी ओळींची; बाकीच्यांपाशी आपापल्या संवादांचे सुटे कागद.

केशवरावांना नंबराशिवाय काही सुचत नसे. शेताला जसा सर्व्हे नंबर, तसा चुकीला ओळ नंबर. कुणी अडखळलं, चुकीच्या बाजूनं आलं, रडायच्या जागी शिंकलं, की केशवराव आपली टिपणवही उघडत आणि विचारत, "कितवी ओळ?"

मग खुशालराव वहीचं पहिलं पान उघडत आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवत. एक, दोन, तीन. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच दोनशे ऐंशी सांगितलेली असे आणि आताची चूक तिच्याखाली चारच ओळींवर असे. पण पाच मिनिटांपूर्वीचे खुशालराव कितपत भरवशाचे होते, हे त्यांना स्वतःला कुठं ठाऊक होतं? ते पुन्हा एकपासून निघत. दुसऱ्या अंकात शिरेपर्यंत एकेका चुकीची मोजणी पाच मिनिटांवर गेली. आणि चुका एका संध्याकाळी पंधरा-वीस तरी होत.

तेवढ्या वेळात वर्गात जत्रा भरायची. नाटकाचा नायक चंद्रभान बिडी घेऊन व्हरांड्यात जायचा. नायिकेचं काम करणाऱ्या मनकर्णाबाई, म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाई, ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला काढायच्या. सावकाराचं काम करणारे पोस्टातले धर्मपाल दिवसभरात खिडकीपाशी कोण कोण भांडून गेलं ते साभिनय सांगायचे, आणि हा अभिनय नाटकातल्याहून पुष्कळ सरस असायचा. चहा यायचा. खुशालराव बोलण्यात भाग घेत नसत, कारण मोजणी चुकली असती. पण कान उघडे असत. घरी गेल्यावर चुलीपुढं बसून ते धर्मपालांच्या गोष्टींवर एकटेच हसत.

स्पर्धेला अठरा दिवस उरले आणि तिसऱ्या अंकाचं पानही उलटलं नव्हतं, तेव्हा केशवरावांनी त्यांना बाजूला घेतलं.

"खुशालराव, अकोल्याचं शेत मोजाचं असलं तर साखळी बांधावरून टाकतो मी. तुमी दर बारीनं नागपुरापासून मोजत येऊन राहिले. सोमवारपासून मले नंबर चटकन पायजे. नाई जमलं तर खुर्चीवर दुसरा बसवतो. राग मानू नका जी."

खुशालरावांना राग आला नाही. खुर्ची गेली की संध्याकाळी सहानंतर पुन्हा मोर्णेचा पूल.

रविवारी ते वही घेऊन बसले. कोर्टात मनात आला असता तर त्यांनी स्वतःच दडपून टाकला असता असा विचार त्यांच्या डोक्यात आला होता: प्रत्येक पानाच्या डोक्यावर, या पानाआधी किती ओळी झाल्या तो आकडा लाल शाईनं लिहायचा आणि समासात दर दहाव्या ओळीला लाल ठिपका द्यायचा. मग कुठल्याही ओळीचा नंबर म्हणजे वरचा आकडा, अधिक ठिपके, अधिक उरलेल्या दोन-चार ओळी. पहिल्या पानाकडं जायचं कामच नाही. लाल दौत उघडताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. मोजणी त्यांनी तीन वेळा केली. एकदा अकराशे शहाऐंशी आले, एकदा सत्त्याऐंशी, एकदा परत शहाऐंशी. दोनास एक अशा बहुमतानं शहाऐंशी मंजूर झाले.

सोमवारी चंद्रभान अडला.

"कितवी ओळ?"

"चारशे बावन्न," खुशालराव म्हणाले.

चंद्रभानची बिडी अजून खिशातून निघायची होती. मनकर्णाबाईंच्या हातात पहिली शेंग तशीच राहिली. केशवरावांनी घड्याळाकडं पाहिलं, खुशालरावांकडं पाहिलं, आणि भर वर्गात त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं खुशालरावांचा चष्मा घसरला, पण त्यांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मंगळवारी तालीम सव्वासातला संपली. चहावाला किटली घेऊन आला तेव्हा वर्गाला कुलूप होतं. बुधवारी वेगळंच उघडकीला आलं. चंद्रभानला नाटक पाठ नव्हतं, कधीच नव्हतं. मोजणी चालू असताना बिडीच्या निमित्तानं व्हरांड्यात जाऊन तो आपल्या कागदांतलं पुढचं पान डोळ्यांखालून घालायचा, आणि तेवढ्यावर त्यानं दीड अंक काढला होता. आता पान पाहायला वेळच मिळेना. तो ओळीओळीला अडू लागला, खुशालराव अडल्या क्षणी नंबर सांगू लागले, आणि केशवरावांच्या टिपणवहीत त्या दिवशी एकसष्ट चुका चढल्या. त्यातल्या चोपन्न चंद्रभानच्या नावावर. चंद्रभान म्हणाला की हे नाटक आहे की फौजदारी खटला. केशवराव म्हणाले की खटल्यात आरोपीला निदान स्वतःचं म्हणणं तरी पाठ असतं. धर्मपालांची एका मनीऑर्डरीची गोष्ट सोमवारपासून अर्धवट पडली होती. ती पुरी करायला कुणी विचारलं नाही. जो तो चपला घालून घरी गेला.

खुशालराव साडेसातला घरी. आठला जेवण, भांडी, सगळं उरकलं. मग करण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून त्यांनी कपाटातली पुस्तकं मोजली. दोनशे अकरा होती.

गुरुवारी सकाळी दारावर थाप पडली. मनकर्णाबाई होत्या. खुशालरावांनी फळीवरून दुसरा कप काढला. त्यात कोळ्यानं जाळं केलं होतं, ते धुतलं. चहा केला. मुलीविषयी सांगितलं, धामणगावच्या कापसाच्या बाजाराविषयी सांगितलं, वाचत असलेल्या पुस्तकाविषयीही थोडं सांगून घेतलं. बाई मान डोलवत होत्या. आपल्याला बोलता येतं की, असं खुशालरावांच्या मनात येतं न येतं तोच बाईंनी कप खाली ठेवला.

"काका, एक म्हणू काय? थोडं हळू मोजत जा ना जी. घरी गेली का सात जनाइचा सैपाक पुढं उभा रायते. तुमी मोजत होते तवा दोन घटका टेकाले भेटत होतं मले."

खुशालरावांनी पाहतो म्हणून सांगितलं. बाई गेल्यावर त्यांनी कप धुतला, पण फळीवर ठेवला नाही.

तो उपयोगी पडला. संध्याकाळी पोस्ट सुटल्यावर धर्मपाल आले. त्यांनी आधी घराचं कौतुक केलं, मग पुस्तकांचं, आणि मग ती मनीऑर्डरीची गोष्ट एकट्या खुशालरावांपुढं पुरी केली. पण एकाच माणसापुढं ती रंगली नाही, हे दोघांनाही कळलं. जाताना दारात त्यांनीही तेच सांगितलं. शुक्रवारी सकाळी चंद्रभान आला, तेव्हा खुशालराव दार उघडूनच म्हणाले, "या. हळू मोजू ना?"

"मंग?" चंद्रभान म्हणाला. "जीव घेऊन राहिले तुमी माहा. असंच चाललं तर सोमवारपासून मी काई येत नाई." चहा मात्र तो दोन कप प्याला.

दोन दिवसांत तीन माणसं घरी आली होती. ती आपल्याला भेटायला आली नव्हती हे खुशालरावांना कळत होतं. तरी ती आली होती, हे काही खोटं नव्हतं.

शनिवारी दुसऱ्या अंकाच्या शेवटी चंद्रभान अडला.

"कितवी ओळ?"

सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या खुर्चीकडं गेले. पानाच्या डोक्यावर सहाशे लिहिलेलं होतं, खाली एक ठिपका, पुढं चार ओळी. बत्तीस वर्षांत खुशालरावांनी ओळीच्या बाबतीत खोटं सांगितलं नव्हतं. आताही त्यांना ते जमेना. म्हणून त्यांनी नंबर सांगितलाच नाही. वहीचं पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मोजतो."

केशवराव त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. लाल आकडे, लाल ठिपके, सगळं त्यांना दिसलं. खुशालरावांची मान आपोआप खाली गेली. केशवरावांनी दाराकडं पाहिलं. तिथं चंद्रभान एका पायात चप्पल घालून उभा होता. आणि असा नाकाडोळ्यांनी नीटस नायक दहा-अकरा दिवसांत आणायचा कुठून?

"मोजा," केशवराव म्हणाले. "पन घाई करू नका. मोजनीत घाई बरी नाई." आणि त्यांनी मनकर्णाबाईंच्या पिशवीतून मूठभर शेंगा उचलल्या.

व्हरांड्यात काडी ओढल्याचा आवाज आला. धर्मपालांनी बाक पुढं ओढला. खुशालराव एकशे सदतिसाव्या ओळीवर होते, तेव्हा मनकर्णाबाईंनी त्यांना विचारलं की एकट्यापुरत्या भाकरी ते रोज थापतात की एकदमच दोन दिवसांच्या. त्यांनी उत्तर दिलं, आणि मोजणी चुकली. पहिल्यापासून करावी लागली. धर्मपालांनी पुढची गोष्ट काढली.

अमरावतीला पहिला अंक बरा झाला, दुसरा निभावला. तिसऱ्या अंकाला तालमी मिळाल्या होत्या दोन. आणि अमरावतीच्या रंगमंचावर नायक अडला की कितवी ओळ म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. चंद्रभान विंगेला चिकटून उभा राहिला. खुशालरावांनी पहिली ओळ कुजबुजून दिली. "ऐकू नाई येत," चंद्रभान ओठ न हलवता म्हणाला. त्यांनी आवाज वाढवला. पाचव्या ओळीला तो तिसऱ्या रांगेत पोचला, विसाव्याला दाराशी. आपण किती मोठ्यानं बोलतो आहोत हे खुशालरावांना कळलंच नाही; डोळे वहीत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं बोलणं कुणाला तरी इतकं तातडीनं हवं होतं. बापाच्या मरणाचा संवाद त्यांनी वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. चंद्रभाननं तोच पुन्हा म्हटला तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "ऐकलं आमी, पुढं जा."

ढाल यवतमाळला गेली. केशवरावांची मिशी राहिली. परीक्षकांचं टिपण पंधरा दिवसांनी टपालानं आलं आणि केशवरावांनी ते शाळेच्या वर्गात सगळ्यांना बोलावून वाचलं. नाटक लांबलेलं, नायक निर्जीव, नेपथ्य हलतं. धर्मपाल सावकार आहेत की पोस्टमन ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी लिहिलं होतं: 'विंगेतील वृद्ध पात्राचे शब्दोच्चार स्वच्छ आणि भावना संयत. मात्र कार्यक्रमपत्रिकेत या पात्राचे नाव आढळत नाही.'

वर्ग हसत सुटला. चंद्रभान तर बाकावर आडवा झाला. खुशालरावांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. ते काय हसण्यासारखं होतं ते त्यांना नीटसं कळलं नाही, पण आपण एकटेच न हसता बसलो आहोत हे लक्षात आल्यावर तेही हसले.

"पुढच्या साली पत्रिकेत नाव टाकू तुमचं," केशवराव म्हणाले. "मोठ्या अक्षरात."

"नाव राहू द्या जी," खुशालराव म्हणाले, आणि एवढंच म्हणायला त्यांना पुष्कळ धीर करावा लागला. "खुर्ची तेवढी ठेवजा."

"खुर्ची शाळेची हाये," केशवराव म्हणाले. "ते कुठी जाते? तुमी येजा."