निकमभाऊंनी पाहिलेली स्थळं

कॉम्प्युटरमधल्या वीराला "जरा चालून दाखव" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या समोरच्या दारातले निकमभाऊ.

दोन हजार सालच्या आसपास आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर फक्त त्यांच्याकडे होता. चाळिशी उलटलेला एकटा माणूस, पाटबंधारे खात्यात नोकरी, गाव नामपूर. एरवी बोलणं शहरी, पण मनातलं बोलायचं झालं की जिभेवर अहिराणी यायची. त्यातही एक वाक्य ठरलेलं. "घाई कसाले?" म्हणजे घाई कशाला. नळाला पाणी आलं तरी घाई कसाले, गॅसवर दूध उतू चाललं तरी घाई कसाले. तरुणपणी सटाण्यापासून घोटीपर्यंत मुली पाहिल्या आणि प्रत्येक वेळी हेच म्हणाले. शेवटी मुलीकडच्यांनीच घाई केली आणि दुसरीकडे लग्नं लावून दिली.

तर हे निकमभाऊ गेम खेळत. गोळ्या झाडायचा नव्हे. ह्यात आपण वीर व्हायचं, सोबती जमवायचे, गावोगाव हिंडून राक्षस मारायचे. एकेक गेम महिनोन्‌महिने पुरतो. त्या मालिकेचे भागावर भाग निघालेले. प्रत्येकात राज्य नवं, माणसं नवी, खानदान मात्र एकच. भाऊंचा तिसरा भाग दिवाळीत संपला आणि प्रश्न उभा राहिला, आता कोणता?

दुसरा कुणी चौथा लावून मोकळा झाला असता. भाऊंनी पाहण्याचा कार्यक्रम ठेवला.

रविवारी सकाळी मी, आमचे हे आणि वरच्या मजल्यावरचे देवरे मास्तर, असे तिघं त्यांच्याकडे जायचो. कांदेपोहे व्हायचे. मग कॉम्प्युटरवरचा भरतकामाचा रुमाल बाजूला करून भाऊ एक सीडी लावत. वीर पडद्यावर आला, की त्याला इकडून तिकडे चालवत.

"पाय वाकडा नाही ना टाकत?" मास्तर चष्मा पुसत विचारत.

"चाल बरी शे," भाऊ म्हणत, "पण तोंड बघा ना वहिनी. सारखं पाडलेलं. ह्याच्याबरोबर सहा महिने कसे काढायचे?"

चौथा असा गेला. पाचव्यात वीराबरोबर तीन सोबती. "एकत्र कुटुंब आहे, विचार करावा लागेल." सहाव्याची लढाई फार सावकाश चाले. खुद्द निकमभाऊंनी कुणाला सावकाश म्हणावं! सातवा देखणा होता, पण त्यांचा कॉम्प्युटर त्याच्यापुढे धापा टाकायचा. "आपली ऐपत पाहून स्थळ बघावं," असं म्हणून त्यांनी सीडी जड मनाने डबीत ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा चौथा. एकदा पाहून माणूस कळतो थोडाच?

संक्रांत झाली. होळी झाली. आमच्या ह्यांना चौथ्या भागाचं संगीत अंघोळ करताना गुणगुणायची सवय लागली. शेवटी एका रविवारी तेच उसळले. "भाऊ, आज निकाल लावा. नाहीतर चिठ्ठ्या टाका!" मास्तरांनी आणि मीही री ओढली. भाऊ बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिले. मग म्हणाले, "पाचवा." आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी पेढे दिले. जमलं एकदाचं, म्हणत आम्ही घरी आलो.

पुढच्या रविवारी समोरून फोडणीचा वास आला नाही. बरोबरच होतं. स्थळ ठरल्यावर पाहुण्यांना कोण बोलावतं? त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. माझ्याकडे त्यांची एक वाटी राहिली होती, ती द्यायला गेले.

भाऊ कॉम्प्युटरपुढे हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर एक खानावळ, शेकोटी आणि तिच्याभोवती बसलेली चार माणसं. प्रत्येकाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव. निकम. मास्तर. साहेब. वहिनी.

"नावं आपणच द्यायची असतात," भाऊ ओशाळून म्हणाले. "तुमच्या साहेबांना चोर केलंय, रागावू नका. तुम्हाला कुऱ्हाड दिली."

कुऱ्हाड खरंच चांगली होती. "मग लढत का नाही?" मी विचारलं.

"गावाबाहेर पूल शे. सायबर कॅफेत वाचून आलो. तो पूल ओलांडला की हे तिघं तीन वाटांनी जातात. परत भेटतात की नाही, ते काही लिहिलेलं नाही." त्यांनी पडद्यावरच्या शेकोटीकडे बोट दाखवलं. "म्हणून बसलोय इथेच. घाई कसाले?"

दोन आठवडे हा माणूस आम्हाला शेकोटीशी बसवून आमच्याकडे बघत बसला होता. इतके महिने ह्याचं काही ठरत नाही म्हणून आम्ही हसत होतो. ठरलं की आम्ही येणार नाही, हे त्याला पहिल्या रविवारीच कळलेलं होतं.

मी दारात जाऊन आमच्या ह्यांना हाक मारली. "अहो, मास्तरांना घेऊन इकडे या! हे स्थळ मला काही पसंत नाही."

भाऊंनी मान वर केली. "मग सहावा दाखवू, वहिनी?"

"सहावा दाखवा, चौथाही परत एकदा दाखवा," मी म्हटलं. "घाई कसाले?"

भाऊ उठले आणि त्यांनी पोहे भिजत घातले.