गर्गेंचा कावळा

साइटचं बंद पडलेलं पान पुन्हा उघडलं की गर्गे खुर्चीतूनच ओरडायचे, "शिवला! कावळा शिवला!" ऑफिसात नवीन आलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी दचकून खिडकीकडे बघायला लागली होती.

मराठी ब्लॉगांचं तेव्हा नवंनवं वेड होतं. कॉलेज रोडवरच्या आमच्या कंपनीची एक फुकट साइट होती. कोणीही यावं, लिहावं. ती आतून चालवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, मात्र पार थकलेल्या. सकाळी लिहिलेलं दुपारी दिसायचं, कधी दिसायचंच नाही. फोनवर लोकांच्या शिव्या मी खायचे आणि दुरुस्ती गर्गे करायचे.

गर्गे पंचवटीतले. लहानपण रामकुंडावर दहाव्याचे विधी बघण्यात गेलेलं. त्यामुळे बंद पडलेली स्क्रिप्ट त्यांच्या लेखी वारलेली बाई. "हिची काहीतरी इच्छा राहिलीय," म्हणत ते कोड वाचत बसायचे, बदल करायचे आणि पडद्यापुढे हात जोडायचे. "बाई, दर वेळी सगळे ब्लॉग चाळायला लावणार नाही तुला. आता तरी मोकळी हो." पान उघडायचं.

साहेबांना यात काडीचा रस नव्हता. नवा सर्व्हर मागितला की ते पानावर आणखी एक लुकलुकणारी जाहिरात चढवायचे. "मढ्याला पैठणी नेसवताय," गर्गे त्यांच्या तोंडावर म्हणायचे. अर्थात बढतीच्या वेळी साहेबांना गर्गे कधीच आठवले नाहीत. मला त्या माणसाचा राग यायचा; अजून येतो.

एके दिवशी साहेबांनी जाहीर केलं, महिनाअखेर साइट बंद. मला वाटलं, सुटले गर्गे, आता तेराव्याचं जेवण मागतील. तर ते पांढरेफटक पडले.

"सुनंदाचा ब्लॉग आहे हो त्याच्यावर," ते मला म्हणाले. सुनंदावहिनी, त्यांच्या पत्नी, आदल्या वर्षी गेल्या होत्या. "दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलीचं लग्न करू म्हणालो, तुझ्या आईला सांभाळू म्हणालो. ढिम्म! गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा हळूच म्हणालो, तुझा ब्लॉग बंद पडू देणार नाही. झडपच घातली हो त्यानं."

"अहो, मग कॉपी काढून घ्या ना सगळ्याची."

"काढलीय. कपाटात ठेवून काय करू? लोकांनी वाचावं म्हणून लिहायची ती. घरात कुठं कोणी ऐकलं तिचं?"

ते साहेबांकडे गेले. पडद्यापुढे जोडायचे तसे हात जोडले. साहेब म्हणाले, "भावना समजतात मला, गर्गे," आणि त्यांनी फोन उचलला.

साइट बंद झाली त्या दुपारी आम्ही डबे उघडले. गर्गेंनी पोळीचा तुकडा खिडकीत ठेवला. लगेच एक कावळा आला आणि तुकडा घेऊन गेला.

गर्गे त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "याला अजून कळलेलं दिसत नाही."