खिडकीखालचा इतिहास

आचलचा डावा डोळा मिटला होता आणि उजवा मिटायच्या बेतात होता. तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "मंडळी, इकडं या. हा जो काळा दगड दिसून राहिला ना..."

दोन्ही डोळे टक्क उघडले.

रागिणीने पाळण्याची दोरी सोडून कपाळ धरलं. दहा महिन्यांच्या या पोरीच्या दुपारच्या झोपेसाठी तिने दाराची बेल काढून ठेवली होती, कुकरची शिट्टी सकाळीच उरकून घेत होती, भंगारवाल्याला पलीकडच्या गल्लीने जायची विनंती केली होती आणि त्याने ती मानलीही होती. एक इतिहास तेवढा ऐकत नव्हता.

तिचं घर अमरावतीच्या जुन्या परकोटाला पाठ लावून उभं होतं. कालपरवापर्यंत त्या तटाच्या भिंतीकडे कुणी ढुंकून बघत नसे. गल्लीतल्या बाया तिच्यावर गोधड्या वाळत घालत. मग कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकला. आता अंबादेवीचं दर्शन घेतलेले, चिखलदऱ्याला निघालेले, पुण्याहून लग्नाला आलेले, सगळे जाता जाता परकोट 'करून' जात. दूध आणायला निघालं तरी चार जणांच्या फोटोंतून वाट काढावी लागे. आपल्या गावाची कुणी दखलच घेत नाही, असं रागिणी कॉलेजात तावातावाने म्हणायची. आता घेतली होती, तीही भर दुपारी.

त्यात हा खिडकीखालचा आवाज परक्याचा नव्हता. तो तिच्या सख्ख्या दिराचा होता. कुलदीप इतिहासात एम. ए. होऊन घरी बसला होता, तेव्हा सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, त्याच्यासाठी नाही नाही ते उपास धरले होते. आता तो लोकांना परकोट दाखवायला लागल्यापासून त्या पोटभर जेवत होत्या. मग त्याला गप्प कोण करणार?

तरी रागिणीने त्याला गाठलंच. "भाऊजी, जरा पलीकडं जाऊन सांगत जा ना."

"पलीकडच्या भिंतीवर बनियनची जाहिरात हाय, वहिनी. दगड आपल्याच खिडकीखाली उघडा हाय."

"मंग हळू बोंबला."

"मी बोंबलून नाई राहिलो. इतिहास सांगून राहिलो."

तिने त्याला हातातला माइक बंद करायला लावला. माइक नाही म्हणून तो ओरडून सांगू लागला. मग तिने पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाळ झोपले आहे, कृपया हळू बोला', आणि पुठ्ठा खिडकीला टांगला. लोकांनी पुठ्ठ्याचे फोटो काढले. फोटो फिरले. पुढच्या आठवड्यात काही लोक खास पुठ्ठा बघायला आले आणि बाळ उठलं का, म्हणून दार वाजवू लागले.

दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय सुभद्राबाईंना राहवत नसे. पाण्यामागून चहा आला, चहामागून माणसं ओट्यावरून बैठकीत आली. पुण्याच्या एका बाईंनी पाळण्यात डोकावून निदान केलं, "तुम्ही फार दबकत वावरता हो. म्हणून ती झोपत नाही." रागिणीला वाईट याचंच वाटलं की बाईंचा चहा अजून अर्धा शिल्लक होता.

"आई, तुमी लोकांले घरात कावून घेता?"

"आता दारातल्या मानसाले उन्हात उभं ठेवू का मी?"

सुटकेची वाट एकच होती, अकोला. तिचा नवरा नितेश तिथे नोकरीला होता. त्याच्या खोलीखाली इतिहास नव्हता, पंक्चरचं दुकान होतं, तेही दुपारी बंद. अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आणि रागिणीची ऑनलाइन मुलाखत ठरली, रविवारी भर दुपारी. एखादा धडा शिकवून दाखवायचा होता. तिने अपूर्णांकाची तयारी केली, कागदाची भाकरीसुद्धा कापून ठेवली. कुलदीपला तिने आचलची शपथ घालून मंडळी पातूरच्या लेण्यांकडे न्यायला लावली.

रविवारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आचल खिडकीकडे बघत टक्क जागी. अंगाई झाली, मांडीवर थोपटून झालं, पंखा मोठा करून झाला. पोरगी कुणाची तरी वाट बघत होती.

"तिले कुलदीपच्या आवाजाची सवय पडली," सुभद्राबाई म्हणाल्या. "त्याच्यावाचून नाई झोपत आता ते."

कुलदीपला फोन लागेना. इकडे लॅपटॉपवर मुख्याध्यापक जानराव सर हजर झाले. रविवारचं जेवण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "करा सुरू," ते म्हणाले.

रागिणीने कागदाची भाकरी उचलली. आचलने भोकाड पसरायला तोंड उघडलं. रागिणीने भाकरी ठेवली, दोरी धरली आणि कुलदीपच्याच चालीत म्हणाली, "मंडळी, हा जो काळा दगड दिसून राहिला ना, तो निजामाच्या काळातला..."

तोंड मिटलं. पेंढाऱ्यांच्या भीतीने सावकारांनी तट बांधायचा धरलेला आग्रह आला, तेव्हा डावा डोळा मिटला. परकोटाच्या दुसऱ्या दरवाजाशी उजवा. थांबलं की पापणी हलायची, म्हणून रागिणी थांबली नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, तर जानराव सरांची हनुवटीही छातीला टेकलेली. आता कुणासाठी बोलायचं नि कुणासाठी थांबायचं, हे तिला कळेना. ती तिसऱ्या दरवाजापर्यंत गेली आणि श्वास घ्यायला थांबली.

खिडकीखाली टाळ्यांचा कडकडाट झाला. कुलदीपचा निरोप न मिळालेली मंडळी पुठ्ठा वाचून मघापासून गुपचूप उभी होती. आचल किंचाळत उठली. जानराव सरही दचकून उठले.

"वा, वा," सर म्हणाले. "पुढचा दरवाजा कोणता म्हणालात?"

खालूनही तेच विचारलं गेलं.

"तुम्ही लगेच रुजू व्हा," सर डोळे चोळत म्हणाले. "आमची शाळा किल्ल्याला लागूनच आहे. हल्ली दुपारी बघणारे फार येतात. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं."

रागिणीने आचलला खांद्यावर घेतलं. दारात सुभद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"खाली मोठी मंडळी हाय. मी च्या ठेवतो," त्या म्हणाल्या. "तू तवर चौथा दरवाजा सांगून टाक."